व्याही पंचवीस मीटर पाण्यात

बाळांनो, जरा कल्पना करा! दुकानात तुमच्यापुढे यंत्रांचे सहा पडदे मांडलेत. प्रत्येकावर निळं पाणी आणि पाण्यात मासे. एकात चार, दुसऱ्यात सात आणि शेवटच्या मोठ्या पडद्यात इतके, की मोजता मोजता मान आखडावी! तुम्ही कोणता घ्याल? मोठा ना? शाब्बास! मीही तोच घेतला. म्हणून तर ही गोष्ट सांगायची वेळ आली.

माझ्या धाकट्या मुलाचं, सान्झारचं, लग्न ठरत आलं होतं. मुलीचे वडील ओरिनबेक सगळ्या कुटुंबाला घेऊन रविवारी पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते. व्याही पहिल्यांदा घरी आले की मेंढी कापायची, ही आमची रीत. पण मी त्याच वसंतात बोट घेतली होती. अंगात वारं शिरलं होतं!

"मेंढी काय, कोणीही कापतं!" मी बायकोला, कुल्पाशला, सांगितलं. "मी व्याह्यांना कापशागायच्या तलावावर नेईन आणि त्यांच्यासमोर हाताएवढे सुदाक मासे काढीन. मेंढीला बोट लावायचं नाही!"

"आणि मासा लागलाच नाही तर? पाहुण्यांना काय वाढू, तुमची बढाई?"

"अगं, यंत्र आणतोय मी!"

यंत्र म्हणजे चार्टप्लॉटर आणि फिशफाइंडर, दोन्ही एकाच पेटीत. एका बाजूला नकाशा, त्यात आपली बोट कुठे आहे ते दिसतं. दुसऱ्या बाजूला पाणी किती खोल आणि मासे कुठे, ते.

नऊ वर्षांच्या नातीला, तोगझानला, घेऊन मी अल्माटीचं दुकान गाठलं. आमच्याकडे आजोबांना अता म्हणतात. चष्मेवाल्या पोरानं विचारलं, "अता, बोट केवढी आहे?"

"चार माणसांची."

"मग हा लहान पुरे. कापशागायचा नकाशाही आहे यात."

"यात मासे चारच! आणि त्या मोठ्यात?"

"अता, ते मासे म्हणजे..."

"मला मासे शिकवतोस? चाळीस वर्षं गळ टाकतोय मी!"

बिचारा आतून मोठ्या यंत्राचा बंद खोका घेऊन आला. इथे माझं चुकलं, बाळांनो. आम्ही मेंढपाळांची पोरं. बाजारात मेंढीची शेपटी चाचपून चरबी बघायची आणि जिला हात लावला तीच घरी आणायची. कळपातली दुसरी गळ्यात मारली, तर ती फसवणूक!

"खोका नको," मी ठणकावलं. "हे मांडलेलंच हवं."

"अहो, आत अगदी असंच आहे!"

"पोत्यात बांधलेली मेंढी तू घेशील का रे? याच्यात मासे आहेत. मी डोळ्यांनी पाहिलेत!"

"बरं, न्या. पण घरी गेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन एक..."

"हो हो, कळतं सगळं!"

मेकॅनिकनं यंत्र बोटीत बसवलं, त्याचा सेन्सर बुडाला लावला. बोट अजून अंगणात, गाडीवरच होती. मी बटण दाबलं आणि काय सांगू! मासेच मासे!

दचकल्या की आमच्या बायका करतात तसा कुल्पाशनं स्वतःचा गाल ओरबाडला. "अगं बाई! माझ्या गाजरांच्या वाफ्याखाली समुद्र?"

पण नवरा कधी गडबडतो का? "तलाव चार किलोमीटरवर तर आहे! भारी यंत्राला लांबून वास येतो," मी म्हणालो.

रविवारी सकाळी बोटीत आम्ही तिघं. मी, तोगझान आणि ओरिनबेक. माणूस कसला, गवताची गंजीच! पायात नवेकोरे चकचकीत बूट. पोहता मात्र अजिबात येत नव्हतं.

"वा व्याही, हा तर कळपच!" पडदा बघून ते म्हणाले.

गळ टाकले. एक तास गेला. दुसरा गेला. पडद्यावर माशांची जत्रा आणि गळाला चिंधीसुद्धा नाही!

"व्याही, तुमच्या माशांचा आज उपास आहे का?"

"पोटं भरली असतील त्यांची."

"माझं नाही भरलं!"

तेवढ्यात खर्रर्र! बोट जागच्या जागी थांबली. पडद्यावर खोली पंचवीस मीटर! इतक्या खोल पाण्यात बोटीला धरलं कुणी?

"मोठा शिंगाडा मासा आडवा आला असेल," मी कसाबसा म्हणालो.

"कुठे, बघू!" म्हणत व्याही वाकले. बोट कलली. धप्प!

गेले! पंचवीस मीटर! मी डोळे गच्च मिटले. डोळ्यांपुढे सान्झार, मोडलेलं लग्न, व्याहीणबाईंचा आक्रोश! "धरा! काहीतरी धरा!" मी ओरडत होतो.

"काय धरू?" अगदी शांत आवाज आला.

डोळे उघडले. व्याही उभे होते. पाणी गुडघ्याच्या जरा खाली. डोक्यावरची टोपीसुद्धा हलली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"व्याही, मी पंचवीस मीटर उंच आहे का हो?"

मी पडद्यावर टिचकी मारून पाहिली.

"अता," तोगझान हळूच म्हणाली, "इथे कोपऱ्यात 'प्रात्यक्षिक' लिहिलंय."

"ते कंपनीचं नाव आहे!"

"नाही हो. हे दुकानात दाखवायचे खोटे मासे आहेत. बंद करू?"

तिनं दोन बटणं दाबली. सगळे मासे गडप! खोली चाळीस सेंटिमीटर. नकाशावर आमची बोट वाळूच्या पट्ट्यावर बसलेली! आणि तेवढ्यात पडद्याच्या तळाशी दोन जाडजूड आकृत्या दिसल्या, शेजारी शेजारी.

"मासे! खरे मासे! दोन!" मी जाळी उचलली.

"ते माझे बूट आहेत," ओरिनबेक म्हणाले.

जाळी माझ्या हातातच राहिली. घरी व्याहीणबाई आणि सहा पाहुणे चहावर चहा पीत बसले असणार, आणि चुलीवरची कढई रिकामी! कुल्पाशला तोंड कसं दाखवू? व्याह्यांकडे तर बघवेना.

तोगझाननं माझ्या खिशातून फोन काढला, आजीला लावला आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"अजे, शेजारच्या काकांना बोलवा आणि मेंढी कापायला सांगा... नाही, एकही नाही... कोणती? थांबा हं."

ती बोटीच्या कडेला आली, वाकून व्याह्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली, त्यांचं उत्तर ऐकलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"ते म्हणतात, मोठी."