नळाची घंटा

आमच्या गावातल्या चर्चची घंटा प्रार्थनेला वाजत नाही. नळाला पाणी आलं की वाजते.

गाव भूम तालुक्यातलं, पाण्याची बोंब जन्मापासूनची. आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येतं. दिवस ठरलेला नाही, वेळ तर नाहीच. गल्लीचा नळ चर्चच्या भिंतीला लागून आहे. पाणी यायच्या आधी त्यातून हवा सुटते, फुसफुस आवाज होतो. तो कानावर पडला की पाळक शमुवेल कांबळे हातात असेल ते टाकून पळत सुटतात आणि घंटेच्या दोराला लोंबकळतात. एकदा तर अर्ध्या गालाला साबण, एका पायात चप्पल, अशा अवतारात घंटा बडवत होते. अख्खी गल्ली घागरी घेऊन धावली.

मी धावलो नाही. मला संशय आला.

संशय हा माझा धंदाच होता म्हणा ना! चौतीस वर्षं एस.टी.त तिकिटं तपासली. कोण झोपेचं सोंग घेतंय, कोणाचं तिकीट मागच्या गावचं आहे, नुसत्या तोंडावरून ओळखायचो. रिटायर झालो, पण नजर काही रिटायर होईना. आता दिवसभर घरापुढच्या वट्ट्यावर बसतो आणि समोर नेमकं चर्च.

तीन वर्षांपूर्वी हे पाळकसाहेब इथं आले तेव्हा चर्चमध्ये रविवारी सात माणसं. दगडी इमारत, वर गळके पत्रे, पाच बाकं. बाकीची ख्रिस्ती घरं केव्हाच यायची बंद झालेली. आल्या आल्या या गृहस्थांनी काय करावं? ती पाच बाकं उचलून नळाजवळच्या व्हरांड्यात मांडली. बायांना रांगेत बसायला! रविवारी सकाळी परत आत न्यायची, दुपारी परत बाहेर. गोदामावशीचं वय झालेलं, तर तिची घागर स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरी पोचवायची. आणि भेटेल त्याला नमस्कार-चमत्कार न करता एकच प्रश्न, "पाणी भरून झालं का?"

आता मला सांगा, या जमान्यात कोण कुणाची घागर फुकट उचलतो? मी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं, "आज बाकावर बसवतोय. उद्या बाप्तिस्म्याला बसवील. बघा तुम्ही."

"अवो, तुमच्या टाळक्यातला चेकर कवा उतरायचा?" ही आमची इंदू, माझी बायको. तिचा पाळकसाहेबांवर भारी विश्वास.

मी बाणा दाखवला. चर्चच्या घंटेवर माझ्या घरी पाणी भरलं जाणार नाही, असं जाहीर केलं. झालं! पुढच्या खेपेला घंटा वाजली, मी इंदूला दारातच अडवलं. पाणी आलं तसं गेलं. नंतरचे आठ दिवस तिनं गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणलं आणि माझ्याशी ती फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी दारात दोन भरलेल्या घागरी. पाळकसाहेब ठेवून गेले होते, एक शब्द न बोलता. मला तर वाटलं, हीच ती चाल!

मग मी सरळ जाळं टाकलं. म्हटलं, "काय पाळकसाहेब, आमाला चर्चमधी यायचं असलं तर काय करावं लागंल?"

वाटलं, आता डोळे चमकतील. यांचे डोळे नळावर. म्हणाले, "या की. पर घागर घिऊन या. कवा येईल काय सांगता येत न्हाई."

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. हा एकटा माणूस. बायको नाही, कुणी नाही. प्लास्टिकचा एक ड्रम त्यांना पुरून उरतो. तरी सगळ्यांचं भरून झालं, नळाची धार करंगळीएवढी झाली की ते आतून एक तांब्याची घागर आणायचे, लखलखीत घासलेली. ती भरून दाराच्या आतल्या बाजूला ठेवायचे. तिच्यातला थेंब कधी प्यायलेला मी बघितला नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी ते पाणी दारातल्या तगरीला ओतायचे आणि घागर परत भरायची. कुणासाठी? इंदू म्हणाली, "इचारा की त्यास्नी." आम्ही विचारत नसतो. आम्ही पकडतो.

आणि एक दिवस पकडलेच असं वाटलं. वट्ट्यावर येऊन पाळकसाहेब स्वतःच म्हणाले, "चेकरसाहेब, येत्या रविवारी आमचे वरचे साहेब येणार हैत. मानसं मोजाय. सातच असली तर चर्चला कुलूप लावायचं आन् माझी बदली, असं ठरलंय."

"मग आता?"

"आता काय? सात हैत. सातच दिसतील."

मी मनात म्हटलं, अस्सं! म्हणजे रविवारी गल्ली आत घुसवणार. तीन वर्षांच्या घागरी त्या दिवशी वसूल होणार. मी ठरवलं, खिडकीशी उभं राहून एकेक डोकं मोजायचं.

रविवारी मोजली. सात. पाहुणे साहेब पहिल्या बाकावर, पांढरा शर्ट, मांडीवर वही. पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलेलं. इतक्यात माझ्या मागं नळ फुसफुसला.

पाळकसाहेबांचे कान टवकारले. मी बघत होतो. घंटा वाजवली तर ती सात माणसंही उठून जाणार. त्यांच्या घरी काय पाणी नको असतं? म्हणजे मोजायला बाकी शून्य. एकदा त्यांनी साहेबांकडं पाहिलं, एकदा खिडकीकडं. वाक्य अर्धंच सोडून "आमेन" म्हणाले आणि पळत जाऊन दोराला लटकले.

सातही जणं उठली. सगळ्यात आधी गोदामावशी, ती तर त्यांच्यातलीच. चर्चमध्ये उरले एकटे साहेब. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

"पाळक, तुम्ही उपासना थांबवलीत?"

"साहेब," दम खात पाळकसाहेब म्हणाले, "देवाला घाई न्हाई. नळाला हाय."

तासाभरानं पाणी गेलं. ती सात माणसं ओल्या कपड्यांनी परत येऊन बसली. आणि त्यांच्या मागून गल्लीतल्या बाया. वीस-पंचवीस तरी असतील. घागरी व्हरांड्यात ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आत जाऊन बसल्या. दुसऱ्या बाकावर आमची इंदू! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. साहेबांचा चेहरा खुलला. पेन काढून मोजायला लागले. मी खिडकीचा गज घट्ट धरला. म्हटलं, हा घ्या माल पकडला!

"हे सगळे आपल्या मंडळीतले?" साहेबांनी विचारलं.

नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. चर्च वाचलं असतं, बदली टळली असती.

"न्हाई साहेब," पाळकसाहेब म्हणाले. "आपले सातच. बाकीचे शेजारी हैत."

साहेबांचं पेन थांबलं. तेवढ्यात इंदू उभी राहिली. आयुष्यात कधी चारचौघांत तोंड न उघडलेली बाई. "साहेब, आमी धरम बदलाय आलेलो न्हाई. ह्या मानसाला हितनं हलवू नका, एवढंच सांगाय आलोत. मोजायचंच असलं तर त्येवढ्यापुरतं आमाला मोजा."

साहेबांनी वही मिटली. गोदामावशीनं दिलेलं पाणी प्याले. जाताना एवढंच म्हणाले, "पाळक, पाण्याच्या दिवशी उपासना ठेवू नका."

"त्यो दिवस कोणचा, ते ठाऊक असतं तर घंटा कशाला लागली असती साहेब?"

साहेब हसले. महिन्याभरात पत्र आलं, चर्च राहणार. गल्लीतल्या लोकांनी पत्रे बदलून दिले. पूर्वी यायची बंद झालेली ख्रिस्ती घरं हळूहळू परत यायला लागली. परवा मोजली, एकोणीस. इंदू परत कधी उपासनेला गेली नाही, तिला कुणी बोलावलंही नाही. माझी तपासणी साफ फसली.

फक्त ती घागर राहिली होती. शेवटी मी हार मानली आणि विचारलं.

पाळकसाहेबांनी घागरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या मार्थाची हाय. आधीच्या गावाला बी असाच नळ हुता, चर्चला लागून. माझं प्रवचन चालू असताना पाणी यायचं. तिला ऐकू यायचं, मलाबी यायचं. पाळकाची बायको, उठून जाईल कशी? आन् म्या थांबायचो न्हाई. मला वाटायचं, नळासाठी थांबलो तर देवाचा अपमान. मग आठ दिवस ती लांबच्या हिरीवरनं पाणी आणायची. गुडघे गेले तिचे. एका शब्दानं बोलली न्हाई. एकदा तरी भांडाय पायजे हुती हो."

तगरीकडं बघत म्हणाले, "ती गेली तवा कळलं. आता भरून ठिवतो. उशीर झालाय, ठाऊक हाय मला."

 

मागच्या आठवड्यात त्यांना दोन दिवस धाराशिवला बैठकीला जायचं होतं. घरची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "चेकरसाहेब, तुमी दिवसभर हितंच असता. नळावर नजर ठिवा." माझ्या नजरेला काम देणारा हा पहिला माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटावर बसलो होतो. फुसफुस ऐकली आणि उष्ट्या हातानं पळालो. दोराला लोंबकळलो. घंटा अशी काही वाजवली की गल्लीनं आधी पाणी सोडून मलाच बघून घेतलं.

सगळ्यांचं भरत आलं. धार करंगळीएवढी झाली, आता घटकाभरात जाणार. इंदू शेवटची कळशी घेऊन आली, गुडघ्यावर हात ठेवत वाकली. "अवो, आपली येवढी राह्यलीय. लावा की नळाला."

मी तिच्या हातातून कळशी घेतली आणि तिला बाकावर बसवलं. पाळकसाहेबांचं दार उघडून ती तांब्याची घागर आणली, जुनं पाणी तगरीला ओतलं आणि ती नळाखाली लावली.

"आन् आपली?" इंदू म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "आधी मार्थाबाईंची भरू दे. आपली मी हिरीवरनं आणतो."