पांढऱ्या डब्याचं मानपत्र

एका जंगलात, मुलांनो, एक दवाखाना होता. तिथं अस्वल डॉक्टर होतं. सुया म्हणून साळिंदराचे काटे वापरत. आणि दवाखान्याचा व्यवस्थापक होतं एक गाढव. हसू नका. ते गाढव मीच.

वापरलेले काटे, रक्तानं माखलेली पानं, सगळं आम्ही मागच्या खिडकीतून फेकायचो. खाली ढीग साचायचा. तो ढीग चंपूबाई नावाची घूस अनवाणी उचलायची. तिला सारखे काटे बोचायचे. मला कधीच बोचले नाहीत. मला खूर आहेत ना!

एकदा वरून चार डबे आले. पिवळा, लाल, निळा आणि पांढरा. काटे पांढऱ्यात टाकायचे, असा हुकूम होता. डबे इतके देखणे की मी हरखूनच गेलो. आम्ही नारळ फोडला, डब्यांना हार घातले. मी तासभर भाषण केलं. मधेच टाळ्या वाजल्या, बहुधा मी थांबावं म्हणून.

हार सुकायच्या आत चंपूबाई काट्यांचं ताट घेऊन आली आणि पांढऱ्या डब्याचं झाकण उघडू लागली.

"अगं अगं, काय करतेस?" मी ओरडलो.

"काटे टाकते, साहेब. त्यासाठीच आलाय ना डबा?"

"नव्या कोऱ्या डब्यात रक्ताचे काटे? तपासणीला साहेब येतील, त्यांना काय दाखवू?"

"मग हे कुठं टाकू?"

"नेहमीच्या जागी. तपासणी होऊ दे, मग बघू."

चारही डबे मी कपाटात ठेवले. आमच्या घरी पाहुण्यांच्या कपबशाही अशाच असतात. आईच्या लग्नातल्या आहेत. त्यांतून अजून कुणी चहा प्यायलेलं नाही.

तपासणीला सांबर आलं. त्यानं डब्यांत तोंड घालून पाहिलं. डाग नाही, वास नाही. "असे स्वच्छ डबे साऱ्या जंगलात नाहीत!" असं म्हणून त्यानं मला मानपत्र दिलं. ते मी पांढऱ्या डब्यावरच चिकटवलं, अर्धं झाकणावर, अर्धं खाली डब्यावर.

"झाली की तपासणी," चंपूबाई म्हणाली. "आता तरी काढा डबा."

"आता तर मुळीच नाही. मानपत्र फाटेल!"

काही महिन्यांनी ती तापानं फणफणली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अस्वलानं तिच्या पायात रुतलेला मोडका काटा काढला.

"कुणा आजाऱ्याचा आहे," ते हळूच मला म्हणालं. "रोग रक्तात गेलाय. आता माझ्या हातात काही नाही." आणि त्यानं तो काटा माझ्याकडे दिला.

चंपूबाईनं डोळे उघडले. "साहेब, एवढा तरी डब्यात टाका. माझ्यामागून जी कुणी येईल, तिला नको बोचायला."

मला रडू आलं. खरंच आलं. मी तसाच उठलो, कपाट उघडलं, झाकण उचलू लागलो. मानपत्राचा कोपरा टरकन फाटला.

मी कपाट लावून घेतलं. काटा खिडकीतून फेकला.

चंपूबाई तिसऱ्या दिवशी गेली. श्रद्धांजलीचं भाषण मीच केलं. फार छान झालं, असं सगळे म्हणाले. आता नवी घूस आली आहे. तीही अनवाणीच असते.

तात्पर्य : चांगली वस्तू जपून ठेवावी, ती पुन्हा मिळत नाही. घूस काय, दुसरी मिळते.