गरिबीची रंगीत तालीम

गरिबी समजून घ्यायची असेल तर गरिबाच्या दारी गेले पाहिजे, असे थोर लोक सांगत आले आहेत. सकपाळ गुरुजींचे त्यावर एवढेच म्हणणे, की जावे, पण दोन दिवस आधी निरोप द्यावा. गरिबांना तयारीला वेळ लागतो.

ही तयारी ते स्वतः करून घेत. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागले की उताराला त्यांची वाडी आहे. तिथल्याच शाळेतून ते निवृत्त झाले. बायको गेलेली, मुले पनवेलला. सरकारी पाहणी येणार अशी कुणकुण लागली की गुरुजी संध्याकाळी वाडीला देवळात बसवत आणि तालीम घेत. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. पाहणीची तारीख त्यांना माझ्याकडूनच कळे, त्यामुळे तालमीला मला मानाची जागा असे, खांबाला टेकून.

"धोंडू, दिवसातनं किती वेळा जेवतोस?"

"दोन येला, गुरुजी."

"चूक."

धोंडू विचारात पडला. "मंग तीन येला?"

"अरे, उतरत जा. चढतोस कुठे?"

"पर जेवतो तर दोन येला. भाकरी नि मिरची."

"मिरचीला मार्क नाहीत. गरिबीचा अभ्यास कच्चा आहे तुझा. बस खाली. पुढचा."

पुढच्याने घरात रेडिओ असल्याचे कबूल केले. गुरुजींनी विचारले, वाजतो का? नाय वाजत. "मग तो रेडिओ नाही. डबा आहे. डबा म्हणायचं."

मार्कांची ही भाषा गुरुजींची नव्हे, सरकारची. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या पाहणीत गरिबी मार्कांवर मोजली होती. जमीन, घर, कपडे, जेवण, प्रत्येकाला शून्य ते चार. बेरीज कमी आली तर माणूस गरीब, नाव यादीत. जास्त आली तर पास, म्हणजे यादीबाहेर. नापास होणाऱ्याला बक्षीस देणारी एवढी एकच परीक्षा मी पाहिली. पुढे मार्क गेले, तक्ते बदलले, कागदाच्या जागी मोबाईल आला. गुरुजी मात्र जुन्याच अभ्यासक्रमावर राहिले. "शून्याला घाबरू नका," असे ते प्रत्येक तालमीच्या शेवटी सांगत. शाळेत त्यांनी जन्मात कुणाला शून्य दिले नव्हते.

गावकरी शून्याला घाबरतच. एकदा शहरातून एका संस्थेची माणसे आली. गळ्यात ओळखपत्रे, हातात रांगोळीचे डबे. त्यांनी देवळापुढे गावाचा नकाशा काढला आणि सांगितले, गावातले सगळ्यात गरीब घर कोणते ते तुम्हीच ठरवा, त्यावर खडा ठेवा. अर्धा तास कोणी खडा उचलेना. आपल्या घरावर कोण ठेवणार, आणि शेजाऱ्याच्या घरावर ठेवला तर उद्या पाण्यावर भांडण. शेवटी सगळे खडे एकाच घरावर पडले. ते घर गणपतचे, आणि गणपत सहा वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन तिथे टेम्पो चालवत होता. जो हजर नव्हता त्याला सर्वानुमते गरीब केले. संस्थेने फोटो काढला.

त्याच संस्थेने मग महाडला कार्यशाळा घेतली. गुरुजींना गावचे प्रतिनिधी म्हणून बोलावले होते, मी कचेरीतर्फे. मागे फलक होता, 'गरिबी म्हणजे संधींचा अभाव'. वक्ते बोलून बसल्यावर गुरुजी उठले आणि विचारले, "संधी किती मार्कांना आहे?" वक्त्यांनी हा मूलगामी प्रश्न असल्याचे सांगितले आणि जेवणाची सुट्टी झाली. जेवणात पनीर होते.

या सगळ्या वर्गात सर्वांत ढ म्हणजे सोनाबाय. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या शेतात राबणे, नसेल तेव्हा रानातली लाकडे. तिचे घर वाडीच्या अगदी वरच्या अंगाला, मागची मातीची भिंत डोंगराकडे. ती भिंत दरसाल थोडी पोट काढी. यंदा घरकुलाची पाहणी आली तेव्हा भिंतीला दोन वासे तिरके लावून ठेवले होते. आणखी एक पावसाळा भिंत काढणार नाही, हे वाडीतले शेंबडे पोरही सांगू शकले असते. गुरुजींनी सोनाबायची वेगळी शिकवणी लावली.

"पाहणीवाले आले की चहा विचारायचा नाही."

"दारात आलेल्याला?"

"दारात आलेल्यालाच. सारवायचं नाही. फाटकं लुगडं नेसायचं."

"फाटकं नेसून मानसापुढं?"

"सोनाबाय, घर पाहिजे ना?"

"पाहिजे तर."

"मग जेवण किती वेळा?"

सोनाबाय मान खाली घालून म्हणायची, "देवाच्या दयेनं बरं चाललंय." गुरुजी कपाळाला हात लावत. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी ती "एक येला" म्हणाली आणि गुरुजी इतके खूश झाले, की घरी जाऊन त्यांनी मला फोन केला.

पाहणीच्या दिवशी मी मॅडमना घेऊन गेलो. तरुण मुलगी, नवी नोकरी, हातात मोबाईल. खालची घरे करत आम्ही वर पोचलो. वाडीतली दहा-बारा माणसे मागे होतीच, कारण दुसऱ्याची परीक्षा बघायला सगळ्यांनाच आवडते.

अंगण सारवलेले होते. वर रांगोळी. सोनाबाय ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून उभी, आणि हातात तबक, त्यात धोंडूच्या घरून आणलेल्या कपबश्या.

"घ्या गो मॅडम, उन्हाच्या आलात."

गुरुजींनी डोळे मिटले. चहा झाला. मॅडमनी विचारले, "आजी, जेवण दोन वेळचं होतं ना?"

"तर. कमी काय हाय."

"कपडेलत्ते?"

"हायत की."

मॅडम टिचक्या मारत गेल्या. मग गुरुजींना राहवले नाही. ते पुढे आले आणि वर्गात बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, यातलं काही धरू नका. ही बाई नापास आहे. मार्कांच्या त्या पाहणीला मार्क भरायला मीच होतो. हिच्याकडे दोन लुगडी होती, एक अंगावर, एक वाळत. मी कपड्यांना चारपैकी चार मार्क दिले. जेवणाला तीन. ही समोर उभी होती, हात पुसत. शून्य लिहायला माझा हात होईना. पोरांना ग्रेस द्यायचो, तसं देऊन बसलो. पास झाली. वीस वर्षं रेशन नाही, घर नाही, काही नाही."

माझी आणि गुरुजींची ओळख पंचवीस वर्षांची. हे मला माहीत नव्हते. तालमी का चालत, तेही तेव्हाच कळले.

सोनाबायने कपबशी उचलली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "माझ्यापुढंच लिवलंत की."

"तुला वाचता येत होतं?"

"आकडा वळखते. चार काढलात. मला बरं वाटलं व्हतं, गुरुजी."

मग ती मागे जमलेल्या माणसांकडे न बघता म्हणाली, "आन आज सगळ्यांसमोर नापास केलंत."

मॅडम बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांनी मला हळूच विचारले, हे कुठे भरू? मोबाईलमध्ये याला जागा नव्हती. राहिला होता शेवटचा प्रश्न. तो त्यांनी फार मायेने विचारला. "आजी, तुम्हाला घर हवंय ना?"

"नाय गो बाय," सोनाबाय म्हणाली. "ज्याला नाय त्याला द्या. मला हाय."

गुरुजींनी तिला दोनदा हाक मारली. ती कपबश्या विसळायला आत गेली होती.

यादी पावसाच्या तोंडावर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. गणपतचे नाव पात्र. सोनाबायचे अपात्र, आणि कारणाच्या रकान्यात, 'लाभार्थी इच्छुक नाही'. सरकारी कागदावर इतके खरे आणि इतके खोटे एका ओळीत मी दुसरीकडे वाचलेले नाही. गुरुजींनी ते उभ्याने वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी तालीम घेतली नाही.

सोनाबायची भिंत श्रावणात बसली. रात्रभर पाऊस होता, सकाळी बघितले तर डोंगराची माती चुलीपर्यंत आलेली. सोनाबाय घरात नव्हती. महिनाभर आधीच गुरुजींनी तिच्या दारात जाऊन सांगितले होते, म्हैस घेतोय, या वयात माझ्याच्यानं होणार नाही, राखायला माणूस पाहिजे, पडवी रिकामी आहे. सोनाबायने थोडे आढेवेढे घेतले. म्हशीचे काम मेहनतीचे, रोज वेळेवर लागते, हे तिने गुरुजींना नीट समजावून दिले आणि मग बोचके घेऊन आली.

दिवाळीत मी गेलो होतो. सोनाबाय डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून येत होती. गोठा झाडून लख्ख केलेला, दावे नवे, गवताची गंजी छपराला टेकलेली. मी गुरुजींना विचारले, म्हैस कुठे आहे?

"बघतोय," गुरुजी म्हणाले. "हल्ली चांगली म्हैस मिळत नाही."

परवा तालुक्याहून जनावरांची गणती करणारे आले होते. गुरुजींच्या घरापुढे त्यांनी लिहिले: जनावरे नाहीत, गोठा आहे.