सोळावा सोमवार आणि जीपची टाकी

मौन कसं पाळावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ मखमलाबाद रोडला आमच्या घरी यावं! सोळा सोमवारांचं व्रत धरलं आणि त्यातले पंधरा सोमवार, उठल्यापासून संध्याकाळच्या पूजेपर्यंत, मी चकार शब्द काढला नाही. लिहूनसुद्धा दाखवलं नाही. कारण आमच्या भजनातल्या कुसुमकाकूंच्या मते लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. त्यांनी बजावलंच होतं, ‘मध्ये एक शब्द निसटला, तर पुन्हा पहिल्या सोमवारापासून!’

घरात मी याचा गाजावाजा केला नाही. व्रताची जाहिरात कसली करायची? एका छपराखाली राहणाऱ्या माणसाला दिसतंच की! आमच्या ह्यांनी, म्हणजे गोविंदरावांनी, पंधरा सोमवारांत एकदाही ‘गप्प का’ म्हणून विचारलं नाही. केवढा समजूतदारपणा! माझं मन भरून यायचं.

राहिला होता फक्त सोळावा. आणि आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, घरात टाकी आली.

ह्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आहे. हरसूलच्या डोंगरात बोकडासारखी चढते. पण तिची डिझेलची टाकी गंजून इतकी गळायला लागली होती, की अंगणात मी रांगोळी काढण्याआधी तिची काढून व्हायची! म्हणून ह्यांनी अंबडहून नवी बनवून आणली आणि हॉलच्या मधोमध ठेवली. चकचकीत पत्रा, वर हाताचा पंजा जाईल एवढं भोक.

मी बघितलं आणि चरकलेच. नवं भांडं, सांजवेळी, घरात, रिकामं! अहो, आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. हे हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी मूठभर तांदूळ आणि एक सुपारी हळूच आत सोडली. सकाळी उठून काढून घ्यायची, की झालं. एवढी साधी योजना!

सोमवारी मी सकाळच्या पूजेला बसले. रुद्र अर्ध्यावर, मनातल्या मनात चाललेला, आणि बाहेर खणखणाट सुरू झाला. पूजेतून उठायचं नाही. शेवटचं फूल वाहून धावत बाहेर येते तो काय! टाकी हॉलमध्ये नाही! ती जीपच्या पोटाखाली पट्ट्यांनी आवळून बसलेली, आणि शेजारी दोन पाय बाहेर आलेले. ते बहिरूभाऊंचे. बहिरूभाऊ म्हणजे हरसूलकडचे मेकॅनिक, ह्यांचे तीस वर्षांचे मित्र.

माझ्या तोंडचं पाणी पळालं! मी टाकीकडे बोट दाखवलं, मग पाची बोटं जुळवून दाण्यांची खूण केली.

“काय?” हे ओरडले. “ऐकू येत नाही! जरा मोठ्यानं बोल!”

घ्या! सोळाव्या सोमवारी ह्यांना चेष्टा सुचत होती. मी पुन्हा बोटं जुळवली.

“भूक लागली? अगं, उपास ना तुझा?”

“भाऊ, वहिनी आपल्याला जेवायचं विचारत्यात,” जीपखालून आवाज आला. “आत्ता नको वहिनी, निस्ता चहा टाका.”

टाकला. काय करणार? चहाबरोबर मात्र मी वाटीत तांदूळ घेऊन गेले. वाटी दाखवली, टाकी दाखवली, पुन्हा वाटी दाखवली. याहून स्पष्ट तर शंकरानंसुद्धा सांगितलं नसतं!

बहिरूभाऊ सरपटत बाहेर आले. वाटी पाहिली. हात पुसले. “चुकलंच की भाऊ आपलं! नव्या वस्तूला आधी कुंकू नको का?”

“खरंच की!” ह्यांनी हातातला डिझेलचा कॅन खाली ठेवला. “बघ बहिरू, हिला जीपचं किती कौतुक!”

आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघांनी माझ्याच वाटीतल्या अक्षता जीपवर टाकल्या. बॉनेटला कुंकू, चाकांना कुंकू, जॅकला कुंकू. नारळ फुटला. कुंपणापलीकडून शेजारच्या सुवर्णाताईंनी हात जोडले. मग खोबरं, चहा आणि तासभर गप्पा.

दुपारी जीप सुरू केली. दोन मिनिटं ऐटीत गुरगुरली, एक उचकी दिली आणि गप्प. मला मात्र सगळं दिसत होतं: नळीच्या तोंडाशी माझे तांदूळ अन् वर माझी सुपारी! दोघांनी पाइप सोडला, फुंकला, जोडला. पुन्हा सोडला. पाच वाजले तरी जीप ढिम्म.

“तू पाइपच उलटा जोडलास,” हे शेवटी म्हणाले.

“मी?” बहिरूभाऊ ताडकन उभे राहिले. “तीस वर्षं या गाडीखाली लोळलो, अन् आता मला पाइप शिकवता?”

“मग सांग ना, का चालत नाही!”

“तुमची टाकीच भंगार आहे!”

“तुझा हात भंगार झालाय!”

अरे देवा! बहिरूभाऊंनी पाने पिशवीत भरले, स्कूटरला किक मारली. “भाऊ, आजपासून तुमची गाडी अन् तुम्ही. आपला रामराम.”

संध्याकाळच्या पूजेला पाऊण तास उरला होता. फक्त पाऊण तास! आत चुरम्याचा नैवेद्य तयार. इकडे तीस वर्षांची मैत्री फाटकाबाहेर चाललेली, तीही माझ्या मूठभर तांदळापायी. मी ओठ आवळले, महादेवाची क्षमा मागितली आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले:

“थांबा! टाकीत तांदूळ आहेत! मी टाकलेत!”

स्कूटर बंद पडली. सुवर्णाताईंच्या हातातलं धुणं खाली पडलं.

“ते व्हय?” बहिरूभाऊ शांतपणे म्हणाले. “ते तर सकाळीच काढले. टाकी उचलली तर आत खुळखुळ. सुपारीबी निघाली. पुडी बांधून तुळशीपाशी ठेवलीय, देवाचं असंल म्हणून.”

मी कट्ट्यावर मटकन बसले. “मग जीप का चालत नाही?”

बहिरूभाऊंनी ह्यांच्याकडे पाहिलं. “भाऊ, डिझेल किती ओतलं?”

“मी? तू ओतलंस ना?”

कॅन जीपमागे तसाच उभा होता. गच्च भरलेला, अक्षता पडलेला. पूजेसाठी खाली ठेवला तो तिथेच राहिला होता! जुन्या फिल्टरमधलं थेंबभर डिझेल होतं, तेवढंच जळलं होतं.

पुढच्या दहा मिनिटांत टाकी भरली, जीप गरजली, दोन्ही मित्र एकमेकांच्या पाठीवर थापा मारत खिदळायला लागले. मी पदर डोळ्यांना लावला.

“आता का रडतेस? झाली की सुरू!” हे म्हणाले.

“सोळावा सोमवार होता,” मी हुंदका देत म्हटलं. “माझं मौन मोडलं. आता पुन्हा पहिल्यापासून!”

ह्यांनी बहिरूभाऊंकडे पाहिलं, बहिरूभाऊंनी ह्यांच्याकडे.

“मौन?” हे गोंधळून म्हणाले. “कसलं मौन? कधीपासून?”