राणी नीलशिखा यांना भावपूर्ण श्रद्धांजली

सानपाडा गावातील रहिवासी श्री. विपुल यांच्या मनात एका रविवारी, भर जेवणाच्या वेळेस, संमिश्र भावना उत्पन्न झाल्या. अशा भावना बाळगण्यास कायद्याने बंदी नाही. फक्त त्या ठेवायला कुठे जागा नसते.

झालं असं की, पहिल्या खंडापासून ड्रॅगनवर बसून राज्य सांभाळणारी राणी नीलशिखा सातव्या आणि शेवटच्या खंडात वारली. तीही चार ओळींत. लेखिकेने खाली रिक्षा थांबवून शेवट लिहिला असावा. ड्रॅगनचं पुढे काय झालं, पत्ताच नाही. विपुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि शेवटच्या प्रकरणात धाकटी बहीण राणीचं रिकामं खोगीर धुऊन उन्हात वाळत घालते, तिथे पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात माल तपासणारा हा गडी ढसाढसा रडला. पुस्तक फसलं होतं आणि पुस्तक थोर होतं, दोन्ही एकदम.

आता हे सांगायचं कुणाला? बायकोला सांगायची सोय नव्हती. मुळात हे वेड नमिताचंच. लग्न ठरल्यावर पहिल्या भेटीत दोघांना बोलायला काही सुचेना, तेव्हा तिने पहिला खंड त्याच्या हातात ठेवला होता. तेव्हापासून प्रत्येक खंड संपला की दोघं गच्चीवर बसून त्यावर मनसोक्त भांडत. हा शेवटचा मात्र ती लोणच्याची शेवटची फोड पुरवावी तसा पुरवून वाचत होती. "शेवट सांगितलास ना, तर मी तळोज्याला माहेरी जाईन," तिने बजावलं होतं. "आणि न्यायला यायचं नाही."

पण माणसाच्या पोटात राहून राहून किती राहणार? विपुलने सगळं आपल्या चुलत्यांपाशी, गोटीरामकाकांपाशी ओकलं, वर त्या चार ओळींचा फोटोही रागारागाने त्यांना पाठवला. काकांनी उभ्या जन्मात वीजबिलाखेरीज काही वाचलं नव्हतं, म्हणून माणूस सुरक्षित वाटला. काका म्हणजे गावठाणातल्या इमारतींचे मालक आणि वॉर्डाचे भावी नगरसेवक, गेली कित्येक वर्षं भावीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ही पुस्तकं वाचतं कोण, एवढंच विचारलं. सगळी तरुण मुलं, विपुल भाबडेपणाने म्हणाला.

"म्हंजे मतदार हायेत," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावाच्या कमानीवर फ्लेक्स चढला. राणीचं चित्र पासपोर्टच्या आकाराचं आणि काका कमरेपर्यंत, गॉगल लावून, हात जोडून. खाली शोकाकुलांची रांग, तीत सौ. नमिता विपुल हेही नाव. घरची सून एवढी वाचणारी, तिचा मान नको ठेवायला? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे जगात पुष्कळ आहेत. इथे मढंच नव्हतं, तरी लोणी निघालं.

विपुल धावत गेला, काकांच्या हातापाया पडला. बायकोने अजून शेवट वाचलेला नाही, निदान तोवर फ्लेक्स उतरवा म्हणाला. काका दुखावले. श्रद्धांजली मधेच उतरवणं अपशकुनाचं असतं, तेरावं होईपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांनी ठणकावलं. राणीचं कसलं तेरावं, असं विपुलने विचारलं, तर काका म्हणाले, "मंग काय तिला तशीच ठेवाची?"

परवानगी रिवाजाप्रमाणे फ्लेक्स लागल्यावर मागण्यात आली. महापालिकेच्या खिडकीवर मयताचा दाखला मागितला गेला. काकांनी विपुलच्या त्या फोटोची प्रत काढून जोडली. ती साक्षांकित होऊन परत आली, तेव्हापासून राणी अधिकृतपणे मेली. मग दुसरे भावी नगरसेवक दिनानाथ कसे गप्प बसतील? त्यांनी समोरच दुप्पट फ्लेक्स लावून मृत्यूच्या सखोल चौकशीची मागणी केली. योगायोगाने विपुलचंही तेच म्हणणं होतं.

इकडे विपुल नमिताला रोज लांबच्या वळणाने स्टेशनवर सोडत होता. कमानीचा रस्ता खणलाय, असं त्याने सांगितलं आणि तिने एका शब्दाने शंका घेतली नाही. आपल्याकडे एवढं एकच कारण असं आहे, की जे कुणालाही पटतं.

तेराव्याला देवळाच्या सभागृहात शोकसभा भरली. एका वक्त्याने राणीचं सामाजिक कार्य सांगितलं. दुसऱ्याने तिच्याशी असलेल्या घरोब्याला उजाळा दिला. मग जाणकार वाचक म्हणून विपुलला उभं केलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं अखेर बोलायला मिळणार म्हणून बिचाऱ्याचा ऊर भरून आला.

"शेवट घाईत उरकलाय," तो म्हणाला, "पण…"

"गेलेल्या मानसाचं उनं काढू नये," काकांनी माईक काढून घेतला. खोगीराचं सगळं त्या 'पण'च्या पुढे होतं. ते राहूनच गेलं.

तेवढ्यात मागे नमिता दिसली. फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत तळोज्याला पोचला होता आणि आईने सांत्वनाला फोन केला होता, ही नीलशिखा तुझी कोण गं लागायची म्हणून. नमिताच्या हातात तो खंड होता, खूण अजून आतच होती. ती सभेकडे बघत राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "पुस्तकाचं नाव काय?"

वक्ते एकमेकांकडे बघू लागले.

"नाव कशाला पायजे गो?" काका समजुतीने म्हणाले. "दुख सगल्यांना झालंय ना."

विपुलने तोंड उघडलं, पण तिने अशी नजर टाकली की त्याने ते मिटलं. "आता गच्चीवर काय बोलायचं रे आपण?" ती त्याला म्हणाली. खंड तिने हार घातलेल्या फोटोपुढे ठेवला, खुणेसकट, आणि तळोज्याची रिक्षा धरली. सभेने उभं राहून मौन पाळलं. विपुलला ते आधीपासूनच पाळावं लागत होतं.

हसलात ना गोटीरामकाकांना? हसा. राणी गेली हे तुम्हाला कळलं, लेखिका ड्रॅगनला विसरली हे कळलं, खोगीरही कळलं. चार लोकांत त्या पुस्तकावर मत द्यायला एवढं पुरे आहे, आणि तुम्ही द्यालही. पण इथपर्यंत येऊनही पुस्तकाचं नाव तुम्ही तरी कुठे विचारलंत?