बिगूल चुकला की एक दिवस

शिपाईमाळ गावात माजी सैनिकाच्या अंत्यविधीला बिगूल चुकला, की तो सैनिक तिरडीवर उठून बसतो, "जैसे थे" असा हुकूम देतो आणि लास्ट पोस्ट, म्हणजे निरोपाची धून, पुन्हा वाजवायला सांगतो. गावाला याचं नवल वाटत नाही. अडचण एवढीच, की लास्ट पोस्ट ही पलटणीत दिवस संपल्याची खूण असते आणि एक दिवस दोनदा संपवता येत नाही. त्यामुळे ती पुन्हा वाजते ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. तोवर सरणावर ताडपत्री टाकतात आणि मयताला जेवायला घरी नेतात.

म्हातारपणाने वारलेल्या प्रत्येक पेन्शनरसाठी लष्कर वादक कुठून पाठवणार? म्हणून गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या चार मुलामुलींनी हे काम आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांना शिकवलं निवृत्त हवालदार दत्तोबा शेलारांनी. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. चौघांतला विलास इतका भिकार वाजवायचा, की त्याच्या कृपेने एक माजी नाईक सहा दिवस जास्त राहिले आणि नातीचं लग्न उरकूनच गेले. विलासच्या घरी सणासुदीला चार ठिकाणांहून पुरणपोळ्या येत.

चौघांतल्याच तेजल निकमकडे मात्र कुणी काही पाठवत नसे. एकोणीस अंत्यविधी तिने वाजवले होते आणि एकदाही कुणी उठलं नव्हतं. चावडीतल्या फळ्यावर पाळीला तिचं नाव दिसलं, की घरच्यांचे चेहरे पडत. एक म्हातारी तर तिला तोंडावर म्हणाली होती, की पोरी, तुझ्या हाताला यश नाही. तेजल ऐकून घ्यायची. सलग विसावा अंत्यविधी बिनचूक झाला, की उस्ताद तिला शिफारसपत्र देणार होते. त्या पत्रावर तिला सरकारी बँडपथकाच्या चाचणीला बसता येणार होतं, आणि चाचणी सोमवारी होती.

बुधवारी दुपारी सुभेदार खाशाबा जगदाळे वर्तमानपत्र वाचता वाचता खाटेवरच गेले. फळ्यावर तेजलची पाळी होती.

संध्याकाळी सुभेदारांची बायको हौसाबाई तिच्याकडे आली. अकरा दिवसांपूर्वी सुभेदारांनी पाहुण्यांदेखत म्हटलं होतं, की पलटणीच्या लंगरची रोटी आमच्या घरच्या भाकरीपेक्षा बरी होती. तेव्हापासून हौसाबाईने अबोला धरला होता. सुभेदारही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनीही तोंड उघडलं नाही. दोघं एका घरात, चहाचा कप आदळण्यापुरता संबंध ठेवून राहत होती.

"आबुल्यातच गेलं बघ ते," हौसाबाई म्हणाली. "उद्या जरा चुक की, पोरी. एक दिस पुरं."

"आजी, मला चुकता येत नाही," तेजल म्हणाली.

ते खरंच होतं. हौसाबाई परत गेल्यावर तिने ओढ्याकाठी जाऊन चुकायचा प्रयत्न करून पाहिला. ओठ सैल सोडले, श्वास अर्धाच घेतला, पण सूर जिथल्या तिथे लागला. आणि सोमवार डोळ्यांपुढून हलत नव्हता, हेही तितकंच खरं. तिला स्वतःची लाज वाटली, पण सोमवार तरीही हलला नाही.

गुरुवारी दहाला सारं गाव जमलं. तेजलने बिगूल ओठांना लावला आणि लास्ट पोस्ट वाजवली. तशी ती गावात आजवर कुणी वाजवली नव्हती. विलासचे डोळे भरून आले. उस्ताद डोळे मिटून उभे राहिले, ते शेवटचा सूर विरल्यावरही तसेच. हौसाबाई गर्दीकडे पाठ करून उभी होती.

सुभेदार उठून बसले.

"जैसे थे," नाकातला कापूस काढत ते म्हणाले. "तिसरा सूर घसरला."

लोक एकमेकांकडे बघू लागले. आजवर खोटी हरकत कोणी घेतली नव्हती. सैनिकी माणसं ती, वाजलेलं चांगलं असेल तर मुकाट्याने जायची. त्यात सुभेदार म्हणजे कँटीनमधून चुकून जास्त आलेला साबण तालुक्याला जाऊन परत करणारा माणूस. आता ते तेजलकडे न बघता समोरच्या सरणाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

नियम असा होता, की मयताने हरकत घ्यायची आणि चूक वादकाने कबूल करायची. वादकाने नाही म्हटलं, तर मयताने निमूट आडवं व्हायचं. उस्तादांचं सगळं आयुष्य बिगुलात गेलं होतं. तिसरा सूर कसा होता, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण नियम म्हणजे नियम.

"निकम," त्यांनी विचारलं, "सूर चुकला?"

तेजलला सणकून राग आला. सुभेदारांनी सरळ एक दिवस मागितला असता, तर एक वेळ वेगळं होतं. इथे चारचौघांत तिच्या सुरावर खोटा आळ आला होता. एक "नाही" म्हटलं की प्रश्न मिटत होता आणि सोमवार हातात येत होता. तिने सुभेदारांकडे पाहिलं. ते आता सरणाकडे बघत नव्हते. ते हौसाबाईच्या पाठीकडे बघत होते, आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस हातातला कापूस चुरगाळत होता.

"चुकला, उस्ताद," तेजल म्हणाली.

हौसाबाई वळली. पदराने नाक पुसत ती तिरडीजवळ आली.

"आता हितंच बसनार हाय का?" ती नवऱ्याला म्हणाली. "चला, भाकरी टाकते. ग्वाड लागली न्हाई तर जावा लंगरात."

"लागंल ग्वाड," सुभेदार म्हणाले.

ते तिरडीवरून उतरले. गळ्यातला हार काढून त्यांनी हौसाबाईच्या हातात दिला, आणि दोघं घराकडे निघाली. वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. अकरा दिवसांचं साचलं होतं, ती एकेक काढत होती. सुभेदार मधून मधून "बरं" म्हणत होते.

चौघा मुलांनी सरणावर ताडपत्री ओढली. उस्तादांनी वहीत चूक लिहिली आणि तेजलला सही करायला लावली. मोजणी आता पहिल्यापासून, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि सांगताना दुसरीकडे बघितलं. विलास म्हणाला, उद्या माझी पाळी लाव, म्हणजे आजोबांना आठवडाभर तरी मरण नाही. तेजलने नकारार्थी मान हलवली. चूक ज्याची, दुरुस्ती त्याची, असा नियम होता.

तिने बिगूल पुसून पिशवीत ठेवला. शुक्रवारी सकाळी दहाला तिचा पहिला अंत्यविधी होता.