बेहेऱ्यांच्या वतीनं

सुनीतानं बेहेऱ्यांना नकार दिला नव्हता. तो तिच्या नावावर मी दिला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि सुनीता आता माझी बायको आहे.

बेहेरे माझे दुबईतल्या, करामा भागातल्या फ्लॅटमधले जोडीदार. अल क्वोजच्या एका कंपनीत कामांच्या खर्चाचा अंदाज काढणारे एस्टिमेटर. जुलैच्या उकाड्यातही अंगात कोट. बसस्टॉपवर बाई दिसली की "आधी आपण" म्हणून कमरेत वाकायचे. तिच्यामागच्या सगळ्या बायकांपुढेही वाकायचे, तोवर बस भरून जायची. ड्रायव्हर अरबीत घाई करत ओरडायचा, "यल्ला, हबीबी!" बेहेरे त्यालाही वाकून नमस्कार करायचे आणि मागे राहायचे.

हे सगळं इंग्रजी कादंबऱ्यांपायी. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, ड्यूक म्हणवणारे उमराव, बग्ग्या, नाचाच्या मेजवान्या आणि ढीगभर गैरसमज. करामात वसईच्या फिलोमिनाबाईंचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. तिथून दर गुरुवारी एक कादंबरी यायची. बेहेरे तेव्हाच्या भावानं हिशेब करायचे, "पाच दिरहम, म्हणजे झाले पन्नास रुपये. पन्नास रुपयांत अख्खा ड्यूक!"

वाचून वाचून त्यांचा सिद्धांत ठरला होता. "पहिली पसंती चुकीची असते, मित्रा. खरं माणूस अर्ध्या पुस्तकानंतर येतं." हे त्यांनी एका गणपतीत साखरपुडा झालेल्या मुलीच्या आईलाही ऐकवलं. पुढच्या वर्षी त्या घरचं आमंत्रण आम्हा दोघांनाही आलं नाही.

त्यांचं लग्न जमायची वेळ आली तेव्हा त्यांना रजा मिळेना. मी निघालो होतो. आमच्यात रीतच होती, रजेवर जाणाऱ्यानं इतरांचं सामान न्यायचं आणि वेळ पडली तर मुलगीही बघून यायची. त्यांनी साताऱ्याच्या सुनीताचा फोटो माझ्या हातात दिला. "माझ्याबद्दल खरं तेच सांग हं. कोटाचंही सांग."

सांगितलं. कोट, बस, ड्यूक, सगळं. जरा टवाळी करतच. सुनीता इतकी हसली की तिच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. मला वाटलं, ही किमया माझी. निघताना ती दारापर्यंत आली. "असा माणूस खरंच आहे? मग मला भेटायचंय त्यांना."

तिला तो माणूस आवडला होता. मला ती.

तिच्या घरी मी कळवलं, बेहेऱ्यांचा विचार बदलला. बेहेऱ्यांना सांगितलं, मुलगी नको म्हणाली. पुढं वर्षभरानं मी स्वतःसाठी मागणी घातली.

वाटलं होतं, बेहेरे बोलणं टाकतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे माझी चुकीची पसंती आणि तुझं खरं प्रेम. वा! कथानक जुळलं." सुनीता दुबईत उतरली तेव्हा ते विमानतळावर हजर. कोट, हातात गुलाब. इतके वाकले की चष्माच पडला. सुनीता हसली, अगदी साताऱ्यातलं हसू. बेहेरे चष्मा शोधायला खाली बसले आणि बराच वेळ शोधत राहिले. चष्मा त्यांच्या बुटापाशीच होता.

पुढं आम्ही अल कुसैसला बिऱ्हाड केलं. बेहेरे दर शुक्रवारी जेवायला येतात. आमची मुलगी त्यांना वाकायला लावते, "ड्यूक अंकल, वन्स मोअर!" एकदा सुनीता भांडी आवरताना म्हणाली, "तेव्हा भेटायलाही नको म्हणाले, आणि आता बघा." मी उठून पाणी प्यायलो. तिला वाटतं, त्यांनी नाकारलं. त्यांना वाटतं, तिनं. दोघंही इतकी सभ्य की तो विषय एकमेकांपुढे कधी निघाला नाही.

गेल्या शुक्रवारी बेहेऱ्यांना जेवण जाईना.

"फिलोमिनाबाई," ते म्हणाले, "पुस्तक देण्याआधी शेवटचं पान उघडून बघतात. फाटलेलं असलं तर मला देत नाहीत. इतकी वर्षं, एकदाही शेवट नसलेलं पुस्तक दिलं नाही रे! खरं माणूस काउंटरपलीकडे बसलं होतं आणि मी मेला ड्यूक वाचत होतो. त्या लग्नाला हो म्हणाल्यात. वसईला त्यांच्या भावाला भेटायचंय."

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "मी रजेवर चाललोच आहे. बोलून येऊ?"

सुनीता खदखदून हसली. बेहेऱ्यांनी कोटाचं बटण लावलं.

"नको. या वेळी मी स्वतः जातो. तू बरोबर चल."

आवाजात राग नव्हता. त्यांना काही कळलंय की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

विमानात आमच्या जागा शेजारी-शेजारी आहेत. 'सुनीतानं नकार दिला नव्हता', हे मी त्यांना देणं लागतो. आणि 'त्यांनीही नाही', हे सुनीताला.